अणू म्हणजे नेमकं काय आणि हा शब्द आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणूची सोपी व्याख्या काय?

मूलद्रव्याची ओळख शाबूत ठेवणारा त्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणू. सोन्याच्या अणूचं केंद्रक, म्हणजे त्याच्या मधोमध असलेला गाभा, फोडलं तर हाती उरतं ते सोनं नसतं, दुसरंच काहीतरी असतं. अणूचा व्यास ढोबळमानाने ०.१ ते ०.५ नॅनोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर लांबीत लाखोंच्या संख्येने अणू ओळीने मावतात. केंद्रक त्याहून कितीतरी लहान, पण अणूच्या वस्तुमानाचा ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग तिथेच एकवटलेला असतो. बाकी जागा इलेक्ट्रॉनांची.

‘अ‍ॅटम’ हा शब्द कुठून आला?

ग्रीकमधून. ‘आटोमोस’ म्हणजे जे कापता येत नाही ते. त्यातला सुरुवातीचा ‘अ’ हा नकाराचा, आपल्या ‘अखंड’ किंवा ‘अटळ’मधल्या ‘अ’चा सख्खा भाऊ. पुढचा भाग ‘तेम्नेइन’, म्हणजे कापणे, या धातूपासून आलेला. इ.स.पू. पाचव्या शतकात ल्युसिपस हा ग्रीक तत्त्वज्ञ आणि त्याचा शिष्य डेमॉक्रिटस यांनी मांडलं की जगात खरं अस्तित्व दोनच गोष्टींचं आहे: अविभाज्य कण आणि त्यांच्यामधली पोकळी. गोड, कडू, गरम, थंड हे सगळं कणांच्या आकारामुळे आणि मांडणीमुळे आपल्याला जाणवतं, कणांना स्वतःची चव नाही की रंग नाही.

या ‘कापण्या’च्या धातूचं गोत बरंच मोठं आहे. अनॅटॉमी, म्हणजे शरीर कापून पाहण्याचं शास्त्र, त्यातलंच. सीटी स्कॅनमधला ‘टी’ ज्याचा आहे ती टोमोग्राफी म्हणजे शरीराच्या कापांचं चित्रण. अपेंडिक्स काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या नावातलं ‘टॉमी’ही तेच. मोठ्या ग्रंथाच्या एका खंडाला ‘टोम’ म्हणतात, तोही मुळात कापलेला तुकडा.

रोमन विचारवंत सिसेरोने ‘आटोमोस’ लॅटिनमध्ये आणताना ‘इंडिव्हिडुअम’ असा शब्दशः अनुवाद केला. त्यातून पुढे ‘इंडिव्हिज्युअल’ जन्मला. म्हणजे आज ज्याला आपण ‘व्यक्ती’ म्हणतो, त्यासाठीचा इंग्रजी शब्द एका अर्थी अणूचाच अनुवाद आहे.

मधल्या काळात या शब्दाचं काय झालं?

युरोपात तो बराच काळ पदार्थापेक्षा वेळेशी जोडलेला राहिला. बायबलच्या ग्रीक नव्या करारात ‘एका क्षणात’ यासाठी ‘एन आटोमो’ असा प्रयोग आहे. मध्ययुगीन पंचांगकर्त्यांनी तर ‘आटोमुस’ हे वेळेचं ठरावीक एकक केलं: एका तासात २२,५६०, म्हणजे मिनिटाला ३७६. सेकंदाच्या सुमारे सहाव्या भागाएवढा एक ‘अणू’.

पदार्थाच्या अर्थाने हा विचार परतला तो उशिरा. पोज्जो ब्राच्चोलिनी या इटालियन विद्वानाला १४१७ साली प्राचीन रोमन कवी लुक्रेशियसच्या लॅटिन काव्याची हस्तलिखित प्रत सापडली. या काव्यात डेमॉक्रिटसचा वारसा एपिक्यूरस या ग्रीक तत्त्वज्ञामार्गे आलेला होता. गंमत म्हणजे लुक्रेशियस स्वतः ‘आटोमुस’ हा शब्द वापरतच नाही. तो ‘बीजं’ आणि ‘आरंभ’ असे शब्द योजतो.

आणि आपला ‘अणू’?

संस्कृतात ‘अणु’ म्हणजे बारीक, सूक्ष्म. बस, एवढंच. कापण्याशी किंवा न कापता येण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. यजुर्वेदातल्या चमक प्रश्नात तांदूळ, जव, उडीद, तीळ, मूग यांच्या यादीत ‘अणवश्च मे’ असंही येतं. तिथे अणु हे बारीक दाण्याचं एक धान्य आहे! कठोपनिषदातलं ‘अणोरणीयान् महतो महीयान्’, म्हणजे सूक्ष्माहून सूक्ष्म आणि मोठ्याहून मोठं, हे वचन बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. मराठीत ‘अणुमात्र शंका नाही’ म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे इलेक्ट्रॉन येत नाहीत. ‘अणुमात्र’ म्हणजे कणभर.

माझ्या मते इथेच मराठी शब्द ग्रीक शब्दापेक्षा नशीबवान ठरला. ‘अ‍ॅटम’ने एक दावा केला होता, ‘मी कापला जात नाही’, आणि तो पुढे खोटा निघाला. ‘अणू’ने कुठलाच दावा केला नाही. तो लहान आहे म्हणाला, आणि तो लहानच आहे.

मग ‘परमाणू’ कशाला?

कारण ‘लहान’ म्हटल्यावर ‘किती लहान?’ हा प्रश्न येतोच. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात, ज्याचं श्रेय कणाद ऋषींना दिलं जातं, ‘परम अणु’ म्हणजे सूक्ष्मतेची शेवटची पायरी. त्याच्या आत भाग नाहीत आणि तो नित्य आहे. पृथ्वी, जल, तेज आणि वायू असे चार प्रकारचे परमाणू. दोन परमाणू मिळून द्व्यणुक, तीन द्व्यणुकं मिळून त्र्यणुक, आणि हे त्र्यणुकच डोळ्यांना दिसणारं सर्वांत लहान द्रव्य. झरोक्यातून उन्हाची तिरीप आली की तिच्यात जे धुळीचे कण तरंगताना दिसतात, तेच ते. त्यांना ‘त्रसरेणू’ असंही नाव आहे. हिशोब सरळ आहे: त्या धुळीच्या कणाचा सहावा भाग म्हणजे परमाणू.

हा हिशोब आजच्या मोजमापाने अर्थातच कुठल्या कुठे चुकतो. दिसणाऱ्या धुळीच्या कणात सहा नव्हे तर अब्जावधींच्या पटीत अणू असतात. पण युक्तिवाद मात्र वाचण्यासारखा आहे. पदार्थाचे तुकडे अनंतकाळ करता येत असतील, तर मेरू पर्वताचेही अनंत भाग आणि मोहरीचेही अनंत भाग. मग दोघांचा आकार सारखाच मानायचा का? तसं मानता येत नाही, म्हणून विभागणी कुठेतरी थांबलीच पाहिजे. (दोन अनंत संख्यांची तुलना इतकी सोपी नसते हे गणिताला एकोणिसाव्या शतकात नीट उलगडलं, त्यामुळे आज हा युक्तिवाद टिकणार नाही. पण तो निर्बुद्ध मुळीच नव्हता.)

म्हणजे अणूचा शोध कणादांनी लावला असं म्हणता येईल का?

नाही. डेमॉक्रिटसनेही लावला नाही. दोन्हीकडे प्रयोग नव्हता, वजनं नव्हती. होतं ते तर्काने काढलेलं अनुमान. दोन्हींचा एकमेकांशीही मेळ बसत नाही. डेमॉक्रिटसच्या कणांना गुणधर्म नाहीत, फक्त आकार आणि हालचाल आहे. वैशेषिकांच्या पार्थिव परमाणूला मात्र गंध आहे, जलीय परमाणूला रस आहे. ग्रीक कण पोकळीत आपोआप धावतात. वैशेषिकांमध्ये सृष्टीच्या आरंभीच्या गतीसाठी ‘अदृष्ट’, म्हणजे न दिसणाऱ्या, तत्त्वाचा आधार घ्यावा लागतो. हा विचार जैन आणि बौद्ध परंपरांतही वेगवेगळ्या रूपांत आहे, त्यामुळे ‘पहिला कोण’ या वादात शिरण्यापेक्षा ते काय म्हणत होते हे वाचणं जास्त फायद्याचं. एक योगायोग मात्र नमूद करायला हवा: अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की डेमॉक्रिटसच्या पंथातही उन्हाच्या झोतात तरंगणाऱ्या धुळीचा दाखला दिला जात असे.

हिंदीत ‘अणु’ म्हणजे मॉलिक्यूल आणि मराठीत ‘अणू’ म्हणजे अ‍ॅटम. कोण चूक?

कुणीच नाही, पण गोंधळ खरा आहे. विज्ञानाची हिंदी आणि मराठी पुस्तकं एकत्र वाचणारा विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. हिंदीत अ‍ॅटमला ‘परमाणु’ आणि मॉलिक्यूलला ‘अणु’ म्हणतात. गुजराती, बंगाली, कन्नड यांच्यातही हीच जोडी आहे. मराठीने अ‍ॅटमला ‘अणू’ आणि मॉलिक्यूलला ‘रेणू’ असं ठरवलं. तमिळमध्येही अ‍ॅटमला ‘अणु’च म्हणतात, पण मॉलिक्यूलसाठी तिथे वेगळाच शब्द आहे.

हिंदीची बाजू अशी की जुन्या दर्शनात ‘परमाणु’ ही शेवटची पायरी, म्हणून तो शब्द अ‍ॅटमच्या ‘अविभाज्य’ या अर्थाला जवळचा. बरोबर आहे. पण ज्या अर्थासाठी तो निवडला तोच अर्थ विसाव्या शतकात कोसळला. अणूच्या आत प्रोटॉन, न्यूट्रॉन, आणि त्यांच्याही आत क्वार्क आहेत हे कळल्यावर ‘परम’ म्हणावं असं त्यात काय उरलं? मराठीने साधा शब्द घेतला आणि नकळत या कटकटीतून सुटका करून घेतली.

वाचताना एक खूण लक्षात ठेवावी. हिंदी मजकुरात ‘पानी का अणु’ दिसलं की तो आपला पाण्याचा रेणू. ‘परमाणु बम’ आणि ‘अणुबॉम्ब’ मात्र एकच.

‘रेणू’ शब्दाचा मूळ अर्थ काय?

धूळ. परागकण या अर्थानेही तो येतो. ‘अणुरेणीयां थोकडा, तुका आकाशाएवढा’ या तुकोबांच्या ओळीत अणू आणि रेणू शेजारी उभे आहेत, पण तिथे एक लहान आणि दुसरा त्याहून मोठा असं काही नाही. दोन्ही क्षुद्रतेचीच नावं. रसायनशास्त्राने पुढे या जोडीत पायऱ्या लावल्या: अणू एकत्र आले की रेणू.

युरोपातला ‘मॉलिक्यूल’ हा लॅटिन ‘मोलेस’ म्हणजे ढीग, वस्तुमान याचं लाडिक, छोटं रूप आहे. ‘इवलासा ढीग’ म्हणा हवं तर.

प्रत्येक पदार्थाला रेणू असतोच असंही नाही. मिठात सोडियम आणि क्लोरीन यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, एका जाळीत एकाआड एक बसलेले असतात. ‘मिठाचा एक रेणू’ म्हणून सुटी जोडी त्या स्फटिकात दाखवता येत नाही. तांब्याच्या तारेतही तेच. उलट हेलियममध्ये एकटा अणूच रेणूचं काम करतो.

आधुनिक विज्ञानात हा शब्द कुणी आणला?

जॉन डाल्टन या इंग्लिश शिक्षकाने. १८०३ पासून त्याच्या मनात घोळत असलेला विचार १८०८ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्याला अणू दिसले नव्हते. त्याच्याकडे होती ती वजनं. १२ ग्रॅम कार्बनशी १६ ग्रॅम ऑक्सिजन जोडला तर एक वायू मिळतो, ३२ ग्रॅम जोडला तर दुसरा. मधलं काही नाही. ऑक्सिजन नेमका दुप्पटच का लागावा? तो ठरावीक वजनाच्या कणांनी बनलेला असेल आणि कार्बनच्या एका कणाला एक किंवा दोन असे ते जोडले जात असतील, तरच हा पूर्णांकी हिशोब जमतो. अणूच्या बाजूने दिलेला हा पहिला खरा पुरावा. डाल्टनने प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला वजन दिलं, आणि दोन हजार वर्षांचा वादविवादाचा शब्द तराजूत बसला.

शब्दांच्या बाबतीत मात्र त्याने घोळ करून ठेवला. ज्याला आपण रेणू म्हणतो त्याला तो ‘संयुक्त अणू’ म्हणत असे. पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो असंही त्याने धरलं, त्यामुळे ऑक्सिजनचं वजन चुकलं. १८११ मध्ये आमेदेओ अव्होगाद्रो यांनी नेमका तोडगा सुचवला: वायूंचे कण जोडअणूंचे असू शकतात, आणि समान तापमानाला व दाबाला समान आकारमानात कणांची संख्या समान असते. पण तेही ‘अणू’ न म्हणता सगळीकडे ‘मॉलिक्यूल’च म्हणत, फक्त पुढे-मागे विशेषणं लावून. एकाच वस्तूला दोन नावं आणि दोन वस्तूंना एकच नाव, अशी अवस्था पन्नास वर्षं चालली.

सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली ती हाच गुंता सोडवायला. अणू कशाला म्हणायचं आणि रेणू कशाला, हा तिथला मुख्य मुद्दा होता. परिषदेत ठराव होऊन प्रश्न सुटला असं झालं नाही. सुटला तो स्तानिस्लाओ कानित्झारो यांच्या पुस्तिकेमुळे, जी तिथे वाटली गेली होती. त्यांनी अव्होगाद्रोंचा विचार घेऊन अणुभार पुन्हा मांडून दाखवले. ती वाचणाऱ्यांत दमित्री मेंडेलीव्ह होते. त्यांची आवर्तसारणी, म्हणजे मूलद्रव्यांचा तक्ता, १८६९ ची. अणू आणि रेणू यांतली सीमारेषा पक्की होऊन अणुभार ठरल्याखेरीज ती मांडता आली नसती.

मग एकोणिसाव्या शतकात सगळ्यांनी अणू मान्य केला ना?

अजिबात नाही! एर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ अणूला हिशोबाची सोय मानत, खरीखुरी वस्तू नव्हे. १९०५ मध्ये आइनस्टाइनने पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या अखंड थरथरीचं गणित मांडलं. ही थरथर रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागकणांमधून निघालेल्या कणांवर पाहिली होती. पाण्याचे रेणू धडका देतात म्हणून कण थरथरतात, हे झां पेरां यांनी १९०८च्या सुमारास काटेकोर मोजमापांनी सिद्ध केलं. त्यानंतर ओस्टवाल्ड यांनी जाहीरपणे आपलं मत बदलले, माख मात्र साशंकच राहिले. पेरां यांना १९२६ चं नोबेल मिळालं.

यातली मजा अशी की रसायनशास्त्रात रोज वापरलं जाणारं ‘मोल’ हे एकक रूढ केलं ते याच ओस्टवाल्ड यांनी, आणि ते नाव आलं आहे मॉलिक्यूलवरून. एक मोल म्हणजे सुमारे ६ वर २३ शून्यं इतके कण. पाण्याचे एवढे रेणू जेमतेम १८ ग्रॅम भरतात.

अणू फुटतो हे कळल्यावर नाव बदललं का नाही?

कळलं ते हप्त्याहप्त्याने. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन दाखवला (ते स्वतः त्याला वेगळ्याच नावाने संबोधत. ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव जॉर्ज स्टोनी यांनी १८९१ मध्ये सुचवलेलं). १९११ मध्ये रदरफर्ड यांनी केंद्रक मांडलं, १९३२ मध्ये चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला. तोवर ‘अ‍ॅटम’ प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक तक्त्यात होता. आणि रसायनशास्त्राला त्या शब्दाकडून जे हवं होतं ते अबाधित होतं. कितीही जाळा, विरघळवा, आम्ल ओता, कोणत्याही रासायनिक क्रियेत केंद्रक बदलत नाही. तेवढ्यापुरता तो न कापला जाणाराच आहे. लोकांनी व्याख्या बदलली, नाव राहू दिलं.

अणुबॉम्बमध्ये अणू फुटतो की केंद्रक?

केंद्रक. काटेकोर बोलायचं तर ‘केंद्रकीय बॉम्ब’ म्हणायला हवं, आणि ‘अणुऊर्जा’ हीदेखील केंद्रकीय ऊर्जाच. कारण लाकूड जळताना मिळणारी उष्णतासुद्धा अणूंची फेरजुळणी झाल्यामुळेच मिळते. त्या अर्थाने चूलही अणुऊर्जेवर चालते! पण ‘अ‍ॅटॉमिक बॉम्ब’ हा शब्द खऱ्या बॉम्बच्या फार आधी जन्मला. एच. जी. वेल्स यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत तो वापरला, तेव्हा केंद्रकाची कल्पना जेमतेम तीन वर्षांची होती. युरेनियमचं विखंडन ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांच्या प्रयोगात डिसेंबर १९३८ मध्ये दिसलं. त्याचा अर्थ लिझे माइटनर आणि ऑटो फ्रिश यांनी लावला, आणि त्या क्रियेला ‘फिशन’ हे नाव फ्रिश यांनी जीवशास्त्रातून उचललं. पेशी दुभंगते त्यासाठी तो शब्द तिथे रूढ होता. केंद्रकासाठीचा ‘न्यूक्लियस’ही जीवशास्त्रात आधीपासून होता. पेशीतल्या केंद्रकाला ते नाव १८३१ मध्ये दिलं ते परागकणवाल्या ब्राउननेच.

जिवाणू, विषाणू, शुक्राणू यांतला ‘अणू’ तोच का?

शब्द तोच, अर्थ जुना: सूक्ष्म. जिवाणू हा एक अणू नसतो. साधारण एक मायक्रोमीटर लांबीच्या जिवाणूत अब्जावधी अणू असतात. विषाणू त्याहून बराच लहान, तरीही लाखो अणूंचा. परीक्षेत ‘विषाणू म्हणजे विषाचा अणू’ असं लिहिणाऱ्याला गुण मिळणार नाहीत, पण त्याला शब्दाची फोड बरोबर जमली आहे हे मान्य करावं लागेल.

अणुघड्याळ किरणोत्सारी असतं का?

नाही. त्यात काहीही फुटत नाही. सीझियमचा अणू दोन ठरावीक ऊर्जापातळ्यांमध्ये जाताना ज्या वारंवारतेचा सूक्ष्मतरंग शोषतो किंवा सोडतो, त्याची आवर्तनं मोजली जातात. अशी ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासून आहे. मध्ययुगात एका सेकंदात सहा-सात ‘अणू’ बसत. आता अणूच सेकंद ठरवतो.

अणू दिसतो का?

साध्या सूक्ष्मदर्शीतून नाही, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, अणूच्या व्यासाच्या सुमारे हजारपट ते काही हजारपट. १९८१ मध्ये गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी असा सूक्ष्मदर्शी तयार केला ज्यात अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाजवळून फिरवून विद्युतप्रवाहातला फरक मोजतात. त्यातून येतं ते चित्र म्हणजे या प्रवाहाचा नकाशा. त्याला ‘दिसणं’ म्हणायचं का हे तुम्ही ठरवा. याच तंत्राने १९८९ मध्ये झेनॉनचे ३५ अणू एकेक करून सरकवून एका कंपनीच्या नावाची तीन अक्षरं लिहिली गेली.

‘अणु’ लिहायचं की ‘अणू’?

सुटा शब्द असेल तर दीर्घ: अणू, रेणू, परमाणू. विभक्ती लागली तरी दीर्घच: अणूचा, अणूंमध्ये. समासात पहिलं पद असेल तर ऱ्हस्व: अणुभट्टी, अणुअंक, अणुवस्तुमानांक, अणुरेणू. शेवटचं पद असेल तर पुन्हा दीर्घ: जिवाणू, विषाणू. संस्कृत किंवा हिंदी मजकूर उद्धृत करताना मात्र त्यांचा ऱ्हस्व ‘अणु’ तसाच ठेवावा.